वानवळ्याची पावती

प्रयागबाईंना दोन गोष्टींची मनापासून शिसारी येई. एक म्हणजे पोत्यात सडलेल्या बटाट्याचा वास. दुसरी म्हणजे नारळ फोडताना नारळाकडे न बघता फोटोवाल्याकडे बघणारा माणूस. पहिल्या गोष्टीवर उपाय होता. सडका बटाटा शोधून काढायचा, बाकीचे पुसून उन्हात घालायचे. दुसऱ्याचं काय करायचं ते त्यांना उभ्या आयुष्यात कळलं नाही, आणि २००३ सालानंतर त्यांनी त्याचा विचारही सोडून दिला.

मंचर गाव संपून रस्ता निरगुडसरकडे वळतो, तिथे सावळाराम गुरुजींनी मुलींचं छात्रालय काढलं होतं. आंबेगाव आणि जुन्नर या दोन्ही तालुक्यांच्या पश्चिमेला डोंगरपट्टा आहे. तिथल्या वाड्यांमध्ये शाळा सातवीपर्यंत, काही ठिकाणी चौथीपर्यंतच. पुढे शिकायचं तर मंचरला यायचं, आणि मंचरला राहायचं कुठे, हा प्रश्न. गुरुजींनी तो चार खोल्या, एक पत्र्याचं स्वयंपाकघर आणि चाळीस मुली एवढ्यात सोडवला. प्रयागबाई तिथे १९८६ साली स्वयंपाकाला लागल्या. नवऱ्याने मुंबईला दुसरं घर केलं होतं. त्या माहेरी निरगुडसरला परत आल्या, आठ दिवस भावाच्या घरी राहिल्या आणि नवव्या दिवशी छात्रालयात येऊन चुलीपुढे बसल्या. चौथीपर्यंत शिकल्या होत्या. मुली त्यांना मावशी म्हणत. पगारपत्रकावर त्या शेवटपर्यंत स्वयंपाकीणच राहिल्या, पण ताप कोणाला आहे, कोणाचा बाप दारू पिऊन न्यायला आलाय, कोणाला कपडे कमी पडतायत हे सगळं त्यांनाच ठाऊक असे.

छात्रालय चालायचं तीन गोष्टींवर. सरकार दर मुलीमागे अनुदान देई, आणि ते वर्षभर उशिरा येई. परदेशातली एक धर्मादाय संस्था काही मुलींचा खर्च उचली. तिसरा होता वानवळा.

शेतात नवं पीक निघालं की त्यातलं थोडं बहिणीला, लेकीला, सोयऱ्याला धाडायचं, तो वानवळा. तो मोजून देत नाहीत. त्याला कोणी दान म्हणत नाही, आणि घेणाऱ्याला कोणी गरीबही समजत नाही. गुरुजींनी कधी देणगी मागितली नाही. शेतकऱ्याच्या बांधावर गेले की ते एवढंच म्हणत, डोंगरातल्या भाच्या आल्यात तुमच्या, कधी येताय बघायला. मग मार्केटला चाललेला टेम्पो छात्रालयापुढे थांबे आणि कांद्याची, बटाट्याची, वाटाण्याच्या शेंगांची एक पाटी खाली उतरे. पाटी परत जाताना रिकामी जाऊ द्यायची नाही, हे प्रयागबाईंनी लावून दिलं. मुली सुट्टीवरून येताना नाचणी, हिरडे, करवंदं आणत. त्यातलं काही पाटीत जाई. नाचणीचे चार पापड, लोणच्याची एक वाटी, काहीच नसलं तर दारातला कढीलिंब. शेतकऱ्याची बायको ती पाटी बघून म्हणे, भाच्यांनी काय धाडलंय बघा.

गुरुजी १९९४ साली गेले. मंडळाचा कार्यवाह म्हणून त्यांचा पुतण्या गोरख आला. विम्याची एजन्सी करायचा, बोलायला गोड. वाईट माणूस म्हणून कोणी त्याच्याकडे बोट दाखवलं नसतं. पण वारा कुठून वाहतोय ते त्याला इतरांच्या आधी कळायचं, आणि कळलं की तो लगेच तिकडे तोंड करून उभा राहायचा. पुढच्याच वर्षी राज्यात सरकार बदललं. गोरखने कार्यालयातला जुन्या पुढाऱ्याचा फोटो उतरवला आणि नव्याचा लावला. चार वर्षांनी पुन्हा बदललं, तेव्हा पुन्हा उतरवला, पुन्हा लावला. दुसऱ्या खेपेला नवा फोटो मोठा निघाला, जागा कमी पडली म्हणून गुरुजींचा फोटो मोरीकडच्या बोळात गेला. उतरवलेले फोटो प्रयागबाईंच्या कोठीत येऊन पडत. त्यांनी ते तांदळाच्या पिंपामागे तोंड भिंतीकडे करून ठेवले. धान्याला नजर लागायला नको, असं त्या मुलींना सांगत आणि मुली हसत.

इथवर सगळं हसण्यावारी गेलं. २००३ साली ते थांबलं.

त्या वर्षी अनुदानाची फाइल अडकली. आदल्या वर्षाचं आलं नव्हतं, चालू वर्षाचं तर बोलायलाच नको. पुढच्या वर्षी निवडणुका होत्या, आणि कुठल्या संस्थेला काय द्यायचं ते आता पुढारी बघून ठरणार, असं कचेरीतला कारकून उघड सांगायचा. ऑगस्टमध्ये परदेशातून पत्र आलं. त्या संस्थेचं धोरण बदललं होतं. यापुढे मुलींच्या जेवणाखाण्याला पैसे नाहीत. जिथे लोक स्वतः हातभार लावतात तिथेच मदत, आणि त्या हातभाराचा पुरावा पाहिजे. पत्रातला शब्द गोरखला फार आवडला. लोकसहभाग. दोन दिवस तो तोच शब्द बोलत होता.

मग तो स्वयंपाकघरात आला, पाटावर बसला आणि प्रयागबाईंना त्याने समजावून सांगितलं. लोकसहभाग आपल्याकडे आहेच, फक्त कागदावर नाही. पाट्या येतात त्याच्या पावत्या फाडायच्या, म्हणजे पुरावा झाला. पावतीपुस्तक त्याने छापून आणलं होतं. वर मंडळाचं नाव, खाली 'वस्तुरूप देणगी', खाली देणगीदाराची सही. पावत्या नसल्या तर दिवाळीनंतर छात्रालय बंद.

प्रयागबाईंना ते पहिल्या घासालाच कडू लागलं. पण त्या वर्षी दहावीला नऊ मुली होत्या. त्यांत आहुप्याकडच्या वाडीतली इंद्रायणी होती. तिच्या अख्ख्या वाडीत दहावीला बसणारी ती पहिलीच मुलगी. छात्रालय बंद झालं तर ती परीक्षेला बसणार नव्हती. तिच्या बापाने जूनअखेर लग्न उरकायचं ठरवूनच टाकलं होतं, पास झालीस तर बघू, एवढीच सवलत दिली होती. त्या पोरीचं तोंड डोळ्यांपुढे आणून प्रयागबाईंनी पुस्तक हातात घेतलं.

चूक तिथे झाली. दुसऱ्या कोणाची नव्हे, त्यांची स्वतःची. पुढे त्यांनी ती कधी कोणावर ढकलली नाही.

पहिली पाटी आली ती बहिरूची. बहिरू निरगुडसरचा, प्रयागबाईंच्या भावकीतला. त्यांना अक्का म्हणायचा. सतरा वर्षं दर हंगामाला त्याची पाटी यायची. त्या दिवशी त्याने बटाटे ओतले आणि चहाला टेकला. प्रयागबाई चष्मा लावून पावती लिहीत बसल्या. बहिरूचं पूर्ण नाव, गाव, 'बटाटे, एक पाटी'. अक्षर जुळवून लिहायचं म्हणजे त्यांना वेळ लागे. लिहून झाल्यावर सही घेतली, पावती फाडली आणि त्याच्या पाटीत ठेवली. त्या गडबडीत पाटीत घालायचं दुसरं काही त्या विसरल्या. सतरा वर्षांत पहिल्यांदा पाटी रिकामी परत चालली, आणि तिच्यात होता तो कागद.

बहिरूने कागद उचलून वाचला. वर बघितलं.

"अक्का, भनीच्या घरी वानवळा नेला तर भन पावती फाडती काय?"

प्रयागबाईंनी सांगायचा प्रयत्न केला, परदेशाचं पत्र, अनुदान, वरचे लोक. त्याने ऐकून घेतलं. चहा अर्धा ठेवून तो उठला.

तरी बहिरू ते एकवेळ विसरला असता. पण दिवाळीत मंचरच्या चौकात एक भला मोठा फ्लेक्स लागला. बेल्ह्याकडचे एक पुढारी होते, त्यांना सगळे आप्पा म्हणत. कुठल्या ना कुठल्या पक्षाच्या तिकिटावर निवडणुकीला उभं राहायचा त्यांचा विचार होता. पक्ष अजून ठरायचा होता. अडकलेली फाइल सोडवून आणतो असं त्यांनी गोरखला सांगितलं होतं, आणि त्या बदल्यात थोडी प्रसिद्धी मागितली होती. फ्लेक्सवर मधोमध हात जोडलेले आप्पा होते. 'आप्पांच्या प्रेरणेने कन्यांसाठी सरसावलेले दानशूर' असा मथळा होता आणि खाली पावतीपुस्तकातून उतरवलेली नावं. अकराव्या ओळीत बहिरूचं नाव आणि पुढे 'बटाटे, एक पाटी'.

दुसऱ्या दिवशी बहिरू एस.टी. स्टँडवर उतरला तेव्हा पानाच्या टपरीवरच्यांनी त्याला सोडलं नाही.

"या दानशूर! एका पाटीत आप्पाचं मन जिकलं राव तुमी. दुसऱ्या पाटीत काय, पंचायत समिती का?"

बहिरूची पीककर्जाची सोसायटी होती आप्पांच्या विरुद्ध गटाची. संध्याकाळच्या आत तिथे विचारणा झाली, कधीपासून तिकडे गेलास म्हणून. दुसऱ्या गटाच्या ज्या ज्या माणसांची नावं फलकावर होती, त्या सगळ्यांची हीच गत झाली. आणि जे आप्पांचेच होते त्यांना वाटलं, नाव लागलं, आता परत कशाला द्यायचं. पंधरा दिवसांत छात्रालयापुढे टेम्पो थांबायचा बंद झाला. रस्ता तोच, मार्केट तेच, पोती भरून टेम्पो चाललेले प्रयागबाईंना दारातून दिसत. ड्रायव्हर मान दुसरीकडे वळवत.

आप्पांनी फाइल सोडवली नाही, हे वेगळं सांगायला नको.

डिसेंबरमध्ये परदेशी संस्थेच्या बाई पाहणीला यायच्या ठरल्या. त्या दिवशी सकाळी छात्रालयात एक टेम्पो आला तेव्हा प्रयागबाईंचा जीव हरखला. पण उतरली ती पाटी नव्हती. बटाट्याची शिवलेली तीस पोती उतरली आणि व्हरांड्यात थप्पी लागली. वर गोरखने पुठ्ठा टांगला, लोकसहभाग. पोती त्याने मार्केटमधल्या ओळखीच्या अडत्याकडून दुपारी चारपर्यंत मागून आणली होती.

घरात त्या दिवशी भाजीला काहीच नव्हतं. प्रयागबाई सुरी घेऊन एका पोत्याशी गेल्या. गोरख लगबगीने मधे आला आणि हळू आवाजात म्हणाला,

"मावशी, शिवण उसवू नका. परत द्यायचीत."

प्रयागबाई तशाच मागे फिरल्या आणि भाताबरोबर पातळ आमटी केली. चाळीस मुली तीस पोती बटाट्यांना पाठ लावून बसल्या आणि आमटी-भात जेवल्या. पाहुण्या बाई चांगल्या होत्या, खाली मांडी घालून मुलींच्या पंगतीला बसल्या, आणि त्याचंच प्रयागबाईंना जास्त वाईट वाटलं. फसवायला सगळ्यांत सोपी माणसं तीच असतात. इंद्रायणीकडून पाठ केलेलं भाषण म्हणवून घेतलं. बाईंनी पोत्यांचे फोटो काढले. चारला त्यांची गाडी गेली आणि सव्वाचारला पोती गेली.

पैसे मंजूर झाले. पण ते छात्रालयाला नव्हते. पाहणी करून जाताना बाईंनी सुचवलं होतं, लोकांचा एवढा हातभार आहे तर जेवणाचा प्रश्न सुटलेलाच आहे, आपण इथे शिवण आणि संगणकाचं प्रशिक्षण केंद्र करू. गोरखने एका शब्दाने त्यांना दुरुस्त केलं नाही. मंडळाची बैठक झाली आणि ३१ डिसेंबरपासून छात्रालय बंद करून खोल्या प्रशिक्षण केंद्राला द्यायचा ठराव झाला. मंडळाचे खजिनदार उत्तमचंद शेठ, मंचरच्या बाजारपेठेतले जुने किराणा व्यापारी. त्यांनीही सही केली. बैठकीनंतर ते स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले. प्रयागबाईंनी एवढंच विचारलं की शेठ, परीक्षा मार्चमध्ये आहे, तुम्हाला ठाऊक नव्हतं का. शेठ म्हणाले, सगळ्यांनी केली म्हणून केली. मग निघून गेले.

त्या आठवड्यात मुलींचे बाप येऊन ट्रंका उचलून न्यायला लागले. आठवीतल्या दोघी बहिणी गेटपर्यंत जाऊन परत आल्या आणि आपापली ताटं घासून ठेवून गेल्या. आपण भांडी उष्टी टाकून गेलो असं कोणी म्हणू नये म्हणून. प्रयागबाईंनी ते बघितलं आणि पदराला हात पुसून निरगुडसरची एस.टी. धरली.

बहिरू रानात होता. कांद्याची लागण चालली होती, बायामाणसं वाफ्यात वाकलेली होती. प्रयागबाई बांधावर उभ्या राहिल्या. त्याने बघितलं, पण हातातलं रोप लावून झाल्याशिवाय वर आला नाही.

"चुकलं माझं," प्रयागबाई म्हणाल्या. "मी कागदाला हात लावायला नको व्हता."

बहिरूने हाताची माती झटकली.

"नऊ पोरी हायेत धाव्वीच्या. मार्चपातूर एक एक घरात ठेवायच्यात. इथनं एस.टी.नं शाळंला जातील. मागायला आले, न्हाई म्हणालास तरी चालंल."

"कागुद?"

"न्हाई. कुणाचं नाव कुठं लिव्हनार न्हाई. माझ्या गळ्याची आन."

बहिरूने पाटाच्या पाण्यात पाय धुतले. मग म्हणाला, "भाचीच म्हनून आन. सांजच्यालाच घिऊन ये, घरात सांगून ठेवतो."

चार दिवसांत नऊ घरं झाली म्हणणं खरं नाही. सात झाली. चौदा ठिकाणी नकार मिळाला. एका घरात मुलीला पंगतीपासून लांब बसवून ताट वेगळं दिलं गेलं, ते प्रयागबाईंना दुसऱ्या दिवशी कळलं. तिसऱ्या दिवशी त्यांनी मुलीची ट्रंक स्वतः उचलली, तिला आपल्याजवळ आणलं आणि त्या घराचा उंबरा पुन्हा चढल्या नाहीत. दुसऱ्या एका घराने शाळा बुडवून पोरीला लागणीला नेलं. तिथे त्यांनी ओट्यावर बसून इतक्या मोठ्याने बोलणं सुरू केलं की अर्धी आळी बाहेर आली. मुलीला पुन्हा रानात कोणी नेलं नाही.

राहिलेल्या दोघींना घ्यायला आल्या जतनबाई, उत्तमचंद शेठांच्या पत्नी. न सांगता आल्या, रिक्षा घेऊन. म्हणाल्या, शेठांना रात्रीची झोप नाही, आणि त्यांच्यामुळे मलाही नाही, तेव्हा दोघींना माझ्याकडे पाठवा. जैनाचं घर, कांदा नाही, बटाटा नाही. पंधरा दिवसांनी त्या दोघी शाळेत प्रयागबाईंना भेटल्या तेव्हा त्यांची एकच तक्रार होती.

"मावशी, मंचरात राहून बटाटा बघायला न्हाई मिळत. पन तूप लई वाढत्यात."

प्रयागबाई स्वतः भावाच्या पडवीत राहिल्या. रोज एक घर, पायी किंवा एस.टी.ने. गणिताचं पुस्तक त्यांना कळत नव्हतं, पण ते उघडं आहे की मिटलेलं हे कळत होतं.

जूनमध्ये निकाल लागला. आठ जणी पास, एक इंग्रजीत गेली. इंद्रायणी दुसऱ्या श्रेणीत आली. तिच्या बापाने लग्न एक वर्ष पुढे ढकललं. एक वर्षच, पण ढकललं.

जुलैत गोरखने प्रयागबाईंना कार्यालयात बोलावून घेतलं. खोलीत तीन संगणक प्लास्टिकच्या कव्हरखाली झाकलेले होते. केंद्र सुरू झालं नव्हतं, वीज जोडणी राहिली होती. भिंतीवर एक नवा फोटो होता, त्याच्याकडे प्रयागबाईंनी बघितलं नाही. गोरख खुशीत होता. नऊ मुली घराघरांत राहून दहावीला बसल्या हे त्याने परदेशी संस्थेला कळवलं होतं आणि तिकडे ते फारच आवडलं होतं. आता त्याला नाव मिळालं होतं, समाजाधारित निवास उपक्रम. त्यासाठी तीन वर्षांची मदत मिळायची शक्यता होती. आप्पाही मागे होते. त्यांना अखेर एका पक्षाने घेतलं होतं.

"तुम्हीच चालवा मावशी, तुमचाच उपक्रम आहे," तो म्हणाला. "तुमचा सात महिन्यांचा पगार थकलाय, तोही यातच काढू. फक्त एवढा फॉर्म. घरांची नावं आणि सह्या."

फॉर्म इंग्रजी-मराठी होता. प्रयागबाईंनी चष्मा लावून रकाने वाचले. कुटुंबप्रमुखाचं नाव. गाव. लाभार्थी मुलीचं नाव.

"नावं आठवत न्हाईत," त्या म्हणाल्या.

"तुम्हाला? एवढ्या वर्षांतल्या पोरींची नावं तोंडपाठ आहेत तुम्हाला."

"पोरींची हायेत."

गोरखने पेन पुढे केलं, म्हणाला, मग पोरींचीच आधी लिहा, घरांचं बघू. प्रयागबाईंनी पेन घेतलं. त्यांना लिहायला वेळ लागे, हे त्याला ठाऊक होतं, म्हणून तो फोनवर बोलायला बाहेर गेला. तो परत आला तेव्हा फॉर्म भरला होता. पुढची बाजू पुरली नव्हती, मागच्या बाजूलाही नावं होती. एकाखाली एक, प्रत्येकीच्या पुढे तिची वाडी आणि इयत्ता. पाचवी, सहावी, आठवी, आठवी. दहावीतली एकही नव्हती.

"या कोण?" त्याने विचारलं.

"ज्यांना डिसेंबरात घरी धाडलं त्या. एकतीस हायेत, मोजून घ्या. यातल्या सहा जनींची लग्नं झाली. तिघी नारायनगावला टमाट्याच्या तोडनीला जात्यात. बाकीच्यांचं मला कळलं न्हाई, तुमाला कळलं तर मला सांगा. ह्या तुमच्या लाभार्थी."

पेनाचं टोपण लावून त्यांनी पेन टेबलावर ठेवलं, आणि आल्या तशा बाहेर पडल्या. थकलेला पगार त्यांना मिळाला नाही, त्यांनी पुन्हा मागितलाही नाही. गोरखला दुसरा कोरा फॉर्म मागवून घ्यावा लागला. तो त्याने कोणाच्या नावांनी भरला कोण जाणे, पण मदत मंजूर झाली.